रोवणीत उतरलेलं वजन

“दोन्ही गटांचं वजन सारखंच उतरलंय, मॅडम. तुमच्या सल्ल्याचा उपयोग शून्य. दुसरा टप्पा कॅन्सल.”

विभागप्रमुखांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मी भांडले नाही. रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं आणि अंगात त्राण नव्हतं.

लाखनी तालुक्यातल्या एका गावात आमची स्टडी चालू होती. वजन जास्त असलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. पहिल्या गटाकडे दर आठवड्याला आमची आहारतज्ज्ञ जायची. दुसरा कंट्रोल ग्रुप, म्हणजे ज्यांचं फक्त वजन घ्यायचं, सांगायचं काही नाही. तुलना करायला तो लागतोच. शकुंतलाबाईंची चिठ्ठी कंट्रोलमध्ये निघाली, तेव्हा त्या माझ्यावर तडकल्याच होत्या.

“मले काहून नाही? माहे गुडघे गेले. डॉक्टर म्हणते वजन कमी करा, कसं करा ते कोनी सांगत नाही.”

“दुसऱ्या टप्प्यात तुमचाच नंबर,” मी शब्द दिला होता. आता तो मोडला हे सांगायला मलाच जावं लागलं.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या,

“मॅडम, तुमी पयलं वजन रोवणीच्या आधी घेतलं, दुसरं रोवणी झाल्यावर. दिवसभर चिखलात वाकून धान लावा लागते. कोन नाही वाळत?”

मला स्वतःचीच चीड आली. मी तुमसरकडची, धानाच्या घरातली. रोवणी संपली की आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. हे लहानपणी दरवर्षी पाहिलेलं, आणि स्टडीचा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, लिहिताना ऑफिसच्या खुर्चीत नेमकं तेच विसरले.

परत साहेबांकडे गेले.

“सर, तिसऱ्यांदा वजन घेऊ द्या. मळणी आटोपून बाया घरी बसल्या की.”

“आणि परवानगी देणाऱ्या कमिटीला काय सांगू?”

“तारखा माझ्या चुकल्या, असं सांगा.”

“लिहून द्या.”

दिलं. कमिटीची परवानगी यायला दिवाळी उलटली. तोवर पहिल्या गटाला आहारतज्ज्ञ भेटत राहिली. शकुंतलाबाई मात्र गुडघ्याला पट्टा बांधून कापणीलाही गेल्या, आणि मी त्यांना एक अक्षर सांगू शकत नव्हते. नियमच तसा.

संक्रांतीनंतर काटा घेऊन गेलो. सल्ला मिळालेल्या बऱ्याच जणींचं वजन उतरलेलंच राहिलं होतं. कंट्रोलमधल्या बायकांचं परत चढत होतं. शेवटी शकुंतलाबाई काट्यावर उभ्या राहिल्या. सगळं वजन परत आलेलं, वर थोडं जास्तच. म्हणजे फरक सल्ल्याचाच होता. दुसरा टप्पा वाचला. मला हसू आवरेना.

“माहं वजन वाढलं, अन् तुमी हासून राहिल्या?”

मी ओशाळले. “पुढच्या आठवड्यापासून तुमचा नंबर,” एवढंच म्हटलं.

“आता कायले? माघातच सांगाल ना सारं? मंग आखाडात रोवणी लागली का मी परत वाळीन, अन् तुमी म्हनान आमच्यानंच वाळली.”

मी वही उघडली आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या वजनाची तारीख आखाडाच्या अलीकडे आणली. हल्ली प्रोटोकॉल लिहून झाला की तो आधी शकुंतलाबाईंना वाचून दाखवते, मग कमिटीला.