गच्चीवरचा दुष्काळ

"कोणी कापला? माझा भात कोणी कापला?" दसऱ्याच्या सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरचे सर गच्चीच्या जिन्यात उभे राहून असे ओरडले, की खाली नाक्यावर झेंडूचा भाव क्षणभर उतरला.

भर पावसाळ्यात डोंबिवलीत दुष्काळ पाडू शकणारा हा एकच माणूस मी पाहिला. कल्याणच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि सोसायटीच्या गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत भात लावत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय याची काळजी सबंध ठाणे जिल्ह्यात बहुधा त्यांना एकट्यालाच होती. काही डबे तहानलेले ठेवायचे असत. पाऊस आला की सर त्यांच्यावर ताडपत्री धरून स्वतः भिजत उभे. एकदा सलग चार दिवस उभे होते. त्यांच्या खांद्यावर धरलेलं शेवाळ मी या डोळ्यांनी पाहिलंय. काही डब्यांवर प्लास्टिकचा तंबू होता, त्यात तो वायू वाढवायचा. आणायचा कुठून? मग सोसायटीच्या सभा तंबूत भरू लागल्या. बारा बिऱ्हाडांचे उच्छ्वास फुकटात. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीच्या विषयावर घसरले की आम्ही घड्याळं बघायचो आणि सर खुणेने सांगायचे, चालू द्या. एका वार्षिक सभेत भात वीतभर वाढला, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

"हा वायू वाढला की पानं आपली छिद्रं थोडी मिटून घेतात, पाणी वाचतं," ते मला समजावत. "पण ऐन फुलोऱ्यात तहान लागली, तर वाचलेलं पाणी दाणा भरायला पुरतं का? तेवढंच बघायचंय मला." एका वर्षी चिमण्यांनी पीक नेलं, दुसऱ्या वर्षी ताडपत्री उडाली. तिसऱ्या वर्षीच्या लोंब्या दसऱ्यानंतर मोजायच्या होत्या.

त्या कापल्या सरांच्या समोरच्या दारातल्या काकूंनी. काकू मूळच्या चिपळूणकडच्या. दसऱ्याला दाराला नवं बांधायचं, म्हणजे आंब्याच्या पानांत नव्या भाताची लोंबी, हे त्यांच्याकडे चुकत नसे. त्यातून लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. घरचा भात गच्चीत उभा असताना बाजारात कशाला जायचं, असं त्यांचं साधं म्हणणं. मनही मोठं, त्यामुळे बाराही दारांना त्यांनी पहाटेच नवं बांधून टाकलं. कुठला डबा ते कळावं म्हणून सरांनी लोंब्यांना बांधलेले रंगीत दोरे शोभेला तसेच ठेवले.

बांधलेलं नवं सोडायचं नाही, यावर सगळ्या बिऱ्हाडांचं एकमत झालं. सोसायटीच्या इतिहासातलं ते पहिलंच. तेव्हा सर वही आणि स्टूल घेऊन दारोदार निघाले. स्टूल धरायला मी. प्रत्येक दाणा चिमटीत दाबायचा, भरलेला की पोचट ते लिहायचं. सेक्रेटरींची लोंबी भरगच्च निघाली, तर निवडणूक जिंकल्यासारखे ते कठड्याला टेकून उभे राहिले. एका दारची निम्मी पोचट निघाली, तिथे सरांना पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. आपल्या दाराला काय लागलंय, याचा आता सगळ्यांनाच घोर लागला होता.

काकूंचं दार शेवटचं. मागे लेक कमरेला हात लावून उभी. काकूंनी हळूच विचारलं, "माझ्या दारची कशी आहे हो, सर?"

जिन्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट लोंबीवर पडलं होतं. सरांनी वरपासून खालपर्यंत एकेक दाणा दाबला. त्यांच्या बोटांखाली टरफलं कागदासारखी चपटी होत होती.

"भरलीय, काकू," सर म्हणाले. "चांगली भरलीय."

संध्याकाळी सोनं द्यायला गेलो तेव्हा वही उघडीच होती. तहानलेल्या डब्यांपैकी तंबूतल्यांना थोडे जास्त दाणे, पण निम्मे पोचट. अकरा दारांचे आकडे नीट मांडलेले. बारावी ओळ कोरी. तीन वर्षं ज्यासाठी भिजलात त्यातली ही एक जागा रिकामी का, असं मी विचारलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"तिथे उजेड कमी होता."