सगळे वाचले
दवण्याचा वास आला की तंजावरच्या टॉकीजमधला तो मॅटिनी आठवतो. नव्वदीतला इंग्रजी सिनेमा, समुद्र जग गिळत सुटलेला. अम्माच्या गजऱ्यात दवणा होता, आणि अप्पा तिच्या कानाशी लागून आपल्या घरच्या मराठीत सगळं सांगत होते. शेवटी रेडिओवरून जहाजाच्या कप्तानाला कळलं, किनाऱ्यावर कुणीच उरलं नाही. अप्पा अम्माला म्हणाले, "सगळे वाचले." "बरं झालं," अम्मा म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र मला हळूच म्हणाली, "कप्तानाचं तोंड बघितलं की मी. अप्पांना सांगू नको हं." आता अम्मा नाही, अप्पांना ऐकू कमी येतं. काल टीव्हीवर तसलाच सिनेमा संपला, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "सगळे वाचले." माझ्या तोंडाकडे बघत अप्पा म्हणाले, "बरं झालं."