मांडीवरची बाटली

युसूफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत होतो. निवृत्तीनंतरही ते काम माझ्याकडेच राहिलं आहे. त्याची मुलगी शबाना एवढंच म्हणाली, "चाचा, अब्बा गेले..." हातातलं कव्हर मी पुरं केलं आणि मग खाली बसलो. त्या दिवशी त्याच्यावर लिहिलं असतं तर हा लेख निराळा झाला असता.

नांदेडला आमच्या शाळेसमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता. मागच्या अंधारखोलीत, लाल दिव्याखाली, मी कितीतरी रविवार त्याच्याशेजारी उभा राहून कागदावर माणसं उमटताना पाहिली. फिल्म धुण्याचं औषध, म्हणजे डेव्हलपर, तो दर वेळी नव्यानं करीत नसे. जुन्यातच थोडं नवं घालून त्यानं ते वर्षानुवर्षं चालवलं होतं. 'आपलं विरजण' म्हणायचा. हवा लागली की ते काळवंडतं, म्हणून बाटली काठोकाठ भरलेली हवी. औषध कमी झालं की तो आत काचेच्या गोट्या सोडून पातळी वर आणी आणि बुचावर मेण ओतून अंगठा दाबी. दुसरं औषध हायपो, उमटलेलं चित्र पक्कं करणारं. त्याचा थेंब विरजणात गेला तर सगळं नासतं, म्हणून दोन्ही बाटल्या एका फळीवरसुद्धा ठेवायच्या नाहीत. आणि धुतलेल्या प्रत्येक फिल्मच्या पाकिटावर नाव, गाव, धुतल्याची तारीख. यात त्यानं कधी कुचराई केली नाही.

त्र्याण्णवच्या श्रावणात माझ्या थोरल्या बहिणीकडे, लातूरपलीकडच्या गावी बारसं होतं. अकरा वर्षांनी त्या घरात पाळणा बांधला होता. युसूफ कॅमेरा घेऊन माझ्याबरोबर आला. सगळ्यांचे फोटो झाल्यावर अक्का पदर सारखा करत त्याला म्हणाली, "युसूफभाऊ, माझ्या एकटीचा बी काढा की एक. लग्नाच्या फोटुत माझी मान खालीच हाय." त्यानं तिला दारात उभं केलं. "आता वर बघा अक्का, मालक कामाला गेलेत," असं म्हणून त्यानं तिला हसवलं आणि बटण दाबलं. नंतर मी फोटोंची आठवण केली की तो म्हणे, "धुवायचाय रोल, गुरुजी. लई घाई हाय का?"

मग भूकंप झाला. त्या घरातलं कुणी उरलं नाही. लग्नातला फोटोही मातीत गेला. तिकडचं सगळं उरकून परतल्यावर मी घरी न जाता आधी युसूफकडे गेलो आणि रोलचं विचारलं. त्यानं काउंटरवरची पाकिटं सारखी केली. मग म्हणाला, "हाय... लातूरला गेल्यावर धुतो." त्याचं लातूरला बिऱ्हाड हलवायचं आधीच ठरलं होतं. तिथं गल्लोगल्ली क्लास निघत होते, गावोगावची मुलं येऊन राहत होती आणि प्रत्येक अर्जाला फोटो लागत होता.

निघायच्या दिवशी हायपोचा कॅन टेम्पोत मागे गेला आणि विरजणाची बाटली पुढे माझ्या मांडीवर आली. "गुरुजी, हे लेकरू हाय. खाली ठेवू नका. आन् वाचत बसू नका!" वाटेत लोह्याला चहासाठी थांबलो. हात आखडले होते. मी बाटली मागे गादीच्या वळकटीत, हायपोच्या कॅनला टेकवून ठेवली. दहा मिनिटं. युसूफनं ते पाहिलं.

तिसऱ्या दिवशी लातुरात तो म्हणाला, "विरजणाला हायपो लागलं, गुरुजी. रोल गेला."

"लोह्यात?"

तो पायाकडे बघत राहिला. "जाऊ द्या."

मेणानं बंद केलेल्या बाटलीत हायपो शिरलं कसं, हे मी विचारलं नाही. चूक आपली आहे असं एकदा वाटलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

आईला मीच सांगितलं. युसूफ समोर बसला होता. "येवढी एक बाटली संभाळता आली न्हाई तुला? पुस्तकं बरी संभाळतूस," ती म्हणाली. तो बशीतल्या चहाकडे बघत होता. माझ्यासाठी त्याला वाईट वाटतंय, असं मी समजलो. अक्काच्या फोटोसाठी आईनं भिंतीत ठोकलेला खिळा ती जाईपर्यंत मोकळाच राहिला. ती गेली तेव्हा युसूफ आला, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. तेव्हाही काही बोलला नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या चाळिसाव्याला लातूरला गेलो. शबानानं एक पत्र्याची पेटी पुढे केली. "अब्बा म्हणायचे, ही गुरुजींची." आत ती बाटली होती. औषध काळं पडलेलं, तळाला गोट्या, आणि बुचावरचं मेण शाबूत, त्याच्या अंगठ्यासकट. लातुरात ती उघडलीच गेली नव्हती. बाटलीखाली एक पाकीट होतं. त्यावर अक्काचं नाव, गाव, तारीख. आतली फिल्म मी उजेडाला धरली. कडेला कारखान्यातून आलेले आकडे तेवढे उमटले होते, म्हणजे औषध नासलेलं नव्हतं. बाकी सगळी काचेसारखी स्वच्छ. फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या चाकात अडकलंच नव्हतं. बटण नुसतंच वाजत राहिलं होतं. नवशिक्यांना तो पहिल्या दिवशी हेच बजावायचा.

तारीख बारशानंतर आठव्या दिवसाची होती. त्या दिवशी अक्का जिवंत होती. पुढेही कितीतरी दिवस जिवंत होती. 'चुकलो' एवढं म्हणाला असता तर पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो असतो. दोघांना यथेच्छ हसून तिनं पुन्हा तेच लुगडं नेसलं असतं... आधी त्याला लाज वाटली असेल, आणि भूकंपानंतर बोलायची सोय उरली नसेल. हे मला कळतं. पण लोह्यातली माझी ती दहा मिनिटं त्यानं उचलली आणि आयुष्यभर वापरली. पेटी माझ्यासाठी ठेवली, ही त्याची कबुली असेल. पण आईच्या कानांवर पडायला हवी होती ती.

बाटली तिथं टाकवेना. एसटीत मांडीवर घेऊन बसलो. खड्डा आला की आत गोट्या हलत. लोह्याला गाडी थांबली, माणसं उतरली. कंडक्टर म्हणाला, "काका, दहा मिनिटं हायत. उतरा, चहा घ्या."

मी बाटली दोन्ही हातांनी धरली आणि बसून राहिलो.