कंपनीला मत नसतं

निवडणूक आली की आमच्या घरात सरसाचा वास सुटायचा. आई रंगात मिसळायचा सरस चुलीवर शिजवायची, चुन्यात नीळ कालवायची, आणि बाबा ब्रश धुऊन उन्हात वाळत घालायचे. बाबा पेंटर. कपिलधारच्या वाटेवरच्या टपऱ्यांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, कडा गावच्या बाजारातल्या खतांच्या दुकानांचे फलक, यातलं बरंच त्यांच्या हातचं. गावात कुणी त्यांना नावानं हाक मारत नसे. लहान-थोर सगळे 'पेंटर'च म्हणायचे.

निवडणुकीत मात्र ते एकाच माणसासाठी भिंती रंगवायचे. त्या माणसाला सगळे 'भाऊ' म्हणत. भाऊ गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले, आणि बाबांच्या वर्गातले. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोघं एकाच पट्टीवर बसायचे. तरी ते बाबांना 'तू' म्हणत आणि बाबा त्यांना 'तुमी'. शाळकरी वयात मी एकदा विचारलं, "तुम्ही दोघं एका वर्गात होता ना? मग तुम्ही का अरे-तुरे करत नाही?" बाबा हसले. "सवय हाय बाई," म्हणाले. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरानं वाकणं सोडलं होतं, पण एखादी सवय जिभेला चिकटून राहिली होती.

भाऊ वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते आमच्या वस्तीत येऊन अंगणात बसले, जेवले. बरोबर फोटोवाला नव्हता. त्यावरून त्यांच्या चुलत्यानं पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दुपारी भाऊ बाबांना म्हणाले, "पेंटर, मी निवडून आलो तर तुमच्या वस्तीचा माळ वस्तीच्या नावावर करून देतो."

माळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं सरकारी गायरान. आजोबांच्या पिढीनं तिथले दगड वेचून बांध घातले, तूर आणि बाजरी पेरली, बांधाबांधानं सीताफळीची झाडं जगवली. जमीन कसणारे आम्ही, सातबारा सरकारचा. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला जाणारे लोक वाटेवर थांबून आईकडून सीताफळं घ्यायचे. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घराचा असा एक तुकडा तिथं होता.

भाऊ पहिल्यांदा पडले, पुढच्या खेपेला निवडून आले. त्यांनी माळाचा प्रश्न विधानसभेत मांडलाही. बाबांनी ते वर्तमानपत्राचं पान कितीतरी जणांना दाखवलं होतं. नंतर प्रकरण या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिलं. वस्तीतले लोक कुरकुरले की बाबा म्हणायचे, "सरकारी काम हाय. येळ लागतोच."

त्या काळी भाऊंचा प्रचार लोकांच्याच जिवावर चालायचा. कुणी जीप द्यायचा, कुणी डिझेल टाकायचा. आमच्या वस्तीतल्या बाया प्रचाराच्या पोरांना भाकरी करून घालायच्या. बाबा फक्त रंगाचे पैसे घ्यायचे, हाताचे नाही. नारायणगडाच्या वाटेवर भिंतीवर चढलेले बाबा एसटीतून दिसले की मी मैत्रिणींना खिडकीतून दाखवायची.

मग मी शिकले, बीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायला लागले आणि तिकडंच खोली केली. दर रविवारी गावी यायची. असंच एका रविवारी आईनं सांगितलं की माळावर काही माणसं दुर्बीण लावून मोजणी करत होती. सौर ऊर्जेची कंपनी होती. तिला सगळा माळ हवा होता.

बाबा बिलकुल घाबरले नाहीत. "भाऊ हायेत की," म्हणाले.

तो लोकसभेचा उन्हाळा होता. लोकसभेच्या जागेसाठी भाऊंच्या पक्षानं जो उमेदवार दिला होता, त्याचा आमच्या भागातला सगळा प्रचार भाऊंकडं होता. बाबांनी नेहमीसारखे ब्रश धुतले आणि प्रचार कार्यालयात गेले. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. एकसारखे टी-शर्ट घातलेली, बाहेरच्या शहरातली मुलं खुर्च्यांवर बसली होती. एकानं टॅबलेटवरून मान वर करून विचारलं, "काका, कुठला बूथ?"

"मी पेंटर," बाबा म्हणाले. "भिंती रंगवतो."

"भिंती नाहीत आता, काका. स्क्रीनच्या गाड्या आल्यात."

बाहेर खरंच गाड्यांची रांग होती. प्रत्येकीवर घराएवढा पडदा, त्यावर हलतं चित्र, मोठा आवाज. बाबा घरी आले आणि आईला म्हणाले, "भाऊंकडं औंदा लई पैसा आलाय." त्यात तक्रार नव्हती. आपल्या माणसाचं बरं चाललंय, असाच सूर होता. दुसऱ्या दिवसापासून ते कार्यालयात जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत बसले. कुणी सांगितलं नव्हतं. प्रचारात आपण घरी बसायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं.

पावसाळा लागल्यावर तहसीलची नोटीस आली. माळावरचं अतिक्रमण काढून घ्यावं. वाचून दाखवताना माझी जीभ 'अतिक्रमण' या शब्दाला अडली. आई म्हणाली, "म्हंजे काय गं?" मी म्हटलं, "म्हणजे आपण."

आम्ही भाऊंच्या बीडच्या बंगल्यावर गेलो. बाबा, आई, वस्तीतल्या काही बाया आणि मी. भाऊंनी सगळ्यांना चहा सांगितला आणि बाबांना नि मला आतल्या खोलीत घेतलं. दार लोटलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"पेंटर, तुझ्याशी खोटं बोलणं मला जमायचं न्हाई," ते म्हणाले. "त्या कंपनीनं पक्षाला देणगी दिलीया. लोकसभेच्या निवडणुकीला दिली. आता विधानसभेलाबी देणार हाय."

"तुमाला दिली का?"

"मला कशाला देतील? पक्षाला. वर. चेकनं दिली, लपून-छपून न्हाई. गाड्या, पडदे, ती टी-शर्टवाली पोरं, सगळं त्यातूनच आलतं."

बाबांनी जरा विचार केला. "मंग आमी दुसऱ्या पक्षाच्या मानसाकडं जावं का?"

भाऊंनी मान हलवली. "त्यांनाबी दिलीया. दोघांनाबी."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर बायांच्या बशा वाजत होत्या. बाबांनी विचारलं, "भाऊ, कंपनीचं मतदार यादीत नाव असतं का?"

"न्हाई."

"मत न्हाई, मंग ती निवडनुकीच्या मधी कशाला पडती?"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. "तू शिकवतीस ना राज्यशास्त्र? सांग तुझ्या बापाला."

मला उत्तर येत होतं. वर्गात मी दरवर्षी सांगायची: कंपनी संचालक मंडळात ठराव करून पक्षाला देणगी देऊ शकते, ती हिशोबात दाखवावी लागते, त्याला कायद्याची मुभा आहे. मी एवढंच म्हणाले, "ते कायद्यात बसतं, बाबा."

"कंपनी बसती," बाबा म्हणाले. "आमी बसत न्हाई."

ते रागानं बोलले नव्हते. नवीन काही कळल्यावर माणूस स्वतःशी म्हणतो, तसे बोलले. त्यानं मला जास्त लागलं.

भाऊ पुढं झुकले. "मला वरून सांगितलंय, त्या माळाचा विषय काढायचा न्हाई. काढला तर तिकीट दुसऱ्याला. तिकिटाबिगर मी कोण हाय, पेंटर? सांग तू."

बाबा उठले. "आमच्याकडं कवा तिकीट व्हतं, भाऊ? तरी आमी व्हतोच की तुमच्यासंगं."

भाऊ दारापर्यंत सोडायला आले. बाबांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं. आजही भाऊंचा राग करायला बसले की तो चेहरा आडवा येतो, आणि मग राग कुणावर करायचा तेच कळत नाही. कंपनीला तर चेहराच नव्हता.

मशीन आलं तेव्हा सीताफळं पिकायला येऊन डोळे उघडायच्या बेताला आली होती. मी रजा टाकून गेले होते. माळावर पोलिसांची गाडी, तहसीलची माणसं आणि एक जेसीबी. बाया झाडांना धरून उभ्या राहिल्या. फौजदार वयानं लहान होता. हात जोडून म्हणाला, "मावशी, मला हे करू द्या. माझ्या हातात काही नाही."

बाबा मशीनच्या समोर उभे राहिले आणि खिशातून मोबाइल काढून भाऊंना लावला. मी शेजारीच होते. पलीकडं फोन उचलला गेला.

"भाऊ, मी पेंटर. मशीन आलंय बघा."

तिकडून भाऊंचा आवाज आला नाही. फोन चालू होता, पाठीमागं कुठंतरी माणसं बोलत होती, गाडीचं दार लागलं. बाबांनी पुन्हा म्हटलं, "भाऊ?" मग मोबाइल कानावरून काढला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कानाला लावला. फोन तिकडून बंद झाला नाही. बाबांनीच बंद केला.

दोन शिपायांनी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. ढकललं नाही, ओढलं नाही. बाबा त्यांच्याबरोबर आजाऱ्यासारखे चालत गेले. पहिलं झाड मुळासकट वर आलं तेव्हा आई मोठ्यानं रडली, तशी मी तिला रडताना कधी ऐकलं नव्हतं. आजोबांनी रचलेले बांध पाहता पाहता सपाट झाले. कच्ची फळं मातीत विखुरली. कुणी ती वेचली नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी तारेचा ब्रश घेतला आणि आमच्या बाहेरच्या भिंतीवरचं निवडणुकीचं चिन्ह खरवडायला लागले. ते चिन्ह त्यांनी दर निवडणुकीला त्याच जागेवर नव्यानं काढलं होतं. वरचा थर निघाला की खालचं दिसायचं, ते खरवडलं की त्याच्या खालचं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भित्ताडाचा गिलावा निघंल." गिलावा निघालाच. खालच्या विटा उघड्या पडल्या तरी त्यांचा हात थांबला नाही. शेवटी मी ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला. बोटं सोललेली होती.

त्यानंतर विधानसभा आली. आमच्या रस्त्यानं दोन्ही पक्षांच्या पडद्याच्या गाड्या गेल्या. आवाज वेगळे, चित्रं वेगळी, माळाबद्दल मात्र एकीवरही शब्द नव्हता. मतदानाच्या दिवशी आईनं लुगडं नेसून बाबांना उठवलं. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. एरवी केंद्र उघडायच्या आत रांगेत उभा राहणारा माणूस. घटनेनं दिलेलं मत वाया घालवायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आई एकटी गेली. कुणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

भाऊ निवडून आले. मिरवणूक वस्तीपर्यंत आली नाही.

बाबांनी नंतर पाट्यांची कामंही सोडली. लोक यायचे, ते म्हणायचे, "फ्लेक्स करून घ्या, स्वस्त पडतंय." जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हृदय अशक्त झाल्याचं सांगितलं. मी त्यांना बीडला आणलं, पण त्यांचा जीव रमेना. उन्हाळ्याच्या आधी ते गावच्या घरी, झोपेतच गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भाऊ आले. बरोबर कुणी नव्हतं, गाडीही लांब उभी केली होती. वंदना होईपर्यंत लोकांच्या मागं खाली बसून राहिले. नंतर आईसमोर येऊन हात जोडले आणि रडायला लागले, अगदी लहान पोरासारखे हुंदके देऊन. "माझा सोबती गेला वहिनी," म्हणाले.

आईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी पिईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तुमी त्यास्नी फोनवर नुसतं 'न्हाई' म्हनला असता तरी चाललं असतं, भाऊ. ते लई दिस वाट बघत व्हते, तुमी कायतरी बोलाल म्हनून."

भाऊंनी तांब्या खाली ठेवला. उठले आणि गेले. त्यानंतर ते आमच्याकडं आले नाहीत.

आता माळावर सौर पॅनेलची काचेची तावदानं आहेत, पार क्षितिजापर्यंत. त्यांच्यावरची धूळ पुसायला आणि खालचं गवत काढायला कंपनीचा ठेकेदार आसपासच्या बाया रोजंदारीवर घेतो. आमच्या वस्तीतल्या बऱ्याच जणी जातात. आईही जायला लागली. मी भांडले. म्हटलं, माझ्याकडं ये, माझ्या पगारात आपलं दोघींचं भागतं. ती ऐकत नाही.

"पैशासाठी जात न्हाई मी," म्हणाली. "आत गेल्याबिगर आपलं रान दिसत न्हाई."

गेल्या रविवारी मी तिला स्कूटरवरून सोडायला गेले. फाटकाशी तिनं गळ्यात ओळखपत्र घातलं, पदर खोचला. मीही मागोमाग निघाले तर रखवालदारानं हात आडवा केला. "मॅडम, बाहेरच्यांना आत परवानगी नाही." त्याचंही खरंच होतं. तो परजिल्ह्यातला होता, त्याला काय ठाऊक.

आई वळली. "जा तू, ऊन व्हतंय," म्हणाली, आणि तावदानांच्या दोन रांगांमधून चालत गेली. थोडा वेळ तिचं हिरवं लुगडं दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.