गाळलेलं नाव

प्लास्टरच्या खोलीत काम करणाऱ्या त्या माणसाला सगळं हॉस्पिटल फौजदार म्हणत असे. बावीस वर्षं तो एकच प्रश्न विचारत आला होता, "कसं मोडलं?" आणि उत्तरावर त्याने क्वचितच विश्वास ठेवला होता. जिन्यावरून पडलो म्हणणारा मारामारीतून आलेला असे. दारात बोट सापडलं म्हणणाऱ्याने भिंतीवर बुक्की मारलेली असे. घरीही तेच. दूध उतू गेलं तरी तो "कसं?" विचारायचा. बायको म्हणायची, "करा आता पंचनामा. साक्षीला मांजर आहे."

देवाच्या एका नावावरही त्याचा संशय होता. लहानपणी वडिलांनी त्याच्याकडून अल्लाची नव्व्याण्णव नावं पाठ करून घेतली होती, हातात पट्टी घेऊन. अल-जब्बार या नावाशी तो अडखळायचा आणि तिथेच पट्टी बसायची. पुढे तो शब्द त्याला जिथे तिथे भेटत राहिला. जबर मार. जबरी चोरी. बळजबरी. अर्थ कुणाला विचारायची गरजच पडली नाही. मोठेपणी तसबीहचे, जपमाळेचे मणी ओढताना तो अल-अझीझवरून थेट अल-मुतकब्बिरवर जाई. मधला मणी मुकाट्याने सरकवला जाई.

त्या दिवशी दुपारच्या आधी एका म्हातारीला तिचा मुलगा घेऊन आला.

"बाथरूममध्ये घसरली," मुलगा म्हणाला. विचारायच्या आधीच म्हणाला, हे फौजदाराने टिपलं. मुलगा चाळिशीचा, शर्टाला कडक इस्त्री. आईची पिशवी, आईचा चष्मा, आईच्या गोळ्या, सगळं त्याच्याच हातात. असली काळजी फौजदाराला आवडत नसे.

त्याने एक्स-रे खिडकीशी धरला. पडणारा माणूस तळवा टेकतो, त्याचं मनगट मोडतं. इथे हात मधोमध मोडला होता, आणि तेही करंगळीच्या बाजूचं एकच हाड. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला की तेच हाड पुढे येतं. कागदावर मात्र डॉक्टरबाईंनी घाईघाईत लिहिलं होतं, घसरून पडल्या.

"गळ्यात अडकवायला झोळी लागेल," तो मुलाला म्हणाला. "औषधांच्या खिडकीवर मिळते. रांग असते जरा."

"इथे नाही?"

"नाही."

कपाटात सहा झोळ्या होत्या.

मुलगा गेला. फौजदाराने म्हातारीच्या हाताला कापूस गुंडाळायला घेतला आणि त्याचा अंगठा एका उंचवट्यावर थांबला. तेच हाड, थोडं वर.

"हे कधीचं, मावशी?"

"झालं वर्ष. आपोआप जुळलं."

"वाकडं जुळलंय."

"वय झालं रे बाळा. तोल जातो."

"दोन्ही वेळा याच हाडावर गेला?"

ती पाण्याच्या बादलीकडे बघत राहिली. त्याने तिचं कोपर धरलं आणि हात सरळ करायला बोटांकडून ताणला. तिने डोळे मिटले. "या जब्बार," ती पुटपुटली.

त्याला वाटलं, सापडलं. बाईच्या तोंडून आरोपी निघाला.

"जब्बार म्हणजे तो ना? आत्ता बाहेर गेला तो?"

तिने डोळे उघडले. "तोबा! नाव कुणाचं, लावतोस कुणाला?"

"जबरदस्ती करतो तो जब्बार."

"एवढंच शिकवलं तुला? कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"माझे वडील हाडं बसवायचे," ती म्हणाली. "माणसांची, जनावरांची. हाड ओढताना हेच नाव घ्यायचे. जब्र म्हणजे जोर, खरं आहे. पण मोडलेलं हाड जागेवर बसवणं, तेही जब्रच. मोडलेल्याला सांधतो तो जब्बार."

फौजदाराने यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. ओरडणाऱ्या माणसाला धीर द्यायला तिच्या वडिलांनी रचलं असेल. पण त्याचा एक हात तिच्या कोपरावर होता आणि दुसरा तिची बोटं ओढत होता, चांगला जोर लावून. शब्दाचा मारणारा अर्धा भाग तेवढा आपल्यापर्यंत आला, असं त्याला वाटलं. सांधणारा अर्धा वाटेत कुठेतरी राहिला असावा. की आपणच तो घेतला नव्हता?

त्याने प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली, बुडबुडे थांबल्यावर पिळली आणि गुंडाळत विचारलं, "वाकडं जुळलेलं हाड कुणी आणलं, तर वडील काय करायचे?"

"पुन्हा मोडायचे!" तिचा आवाज अभिमानाने वर गेला. "गुडघ्यावर धरून. माणूस बोंबलायचा. पण तसंच ठेवलं तर हात कायमचा..."

ती थांबली.

फौजदार ओलं प्लास्टर दोन्ही तळव्यांत धरून बसला.

"एकुलता एक आहे तो," ती म्हणाली. "मी तोंड उघडलं तर सगळं मोडेल."

"आता धड आहे का?"

"गरम लागतंय," ती म्हणाली.

"घट्ट होताना लागतं."

मुलगा परत आला, रिकाम्या हाताने. "ते म्हणतात, झोळ्या इथेच असतात." त्याने फौजदाराकडे नीट पाहिलं. फौजदारानेही त्याच्याकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि एक झोळी काढली.

"विसरलो."

"झालं ना? चल, आई." त्याने तिचा चांगला हात दंडाला धरला.

ती उठली नाही. "सोड," ती म्हणाली. "तू बाहेर बस." मग फौजदाराकडे वळून म्हणाली, "बाळा, डॉक्टरबाईंना बोलाव. कागदावर एक चुकीचं लिहिलंय."

मुलाने हात सोडला, पण तो हलला नाही. फौजदार दारापर्यंत गेला आणि थबकला. डॉक्टरबाई तीन खोल्या पलीकडे होत्या. तेवढ्यात पोरगा काही कानात सांगेल, म्हातारी विरघळेल. तिच्यावरही त्याचा पुरता भरवसा नव्हता. म्हणून तो मागे फिरला, तिचं स्टूल आणि मुलगा यांच्यामध्ये उभा राहिला आणि तिथूनच हाका मारू लागला. तिसऱ्या हाकेला डॉक्टरबाई वैतागून आल्या.

"काय झालं?"

"मी घसरले नाही," म्हातारी म्हणाली.