किल्ली चौकटीवर

माझी कंबर दुखत नव्हती. हे सत्य जगात दोघांनाच ठाऊक होतं : मला आणि जऊळक्याच्या माझ्या दोस्ताला, गजाननला.

सासरे केनवडचे. त्यांची हळद उकडायला निघाली की जावयाने कढईपाशी हजर राहायचं, ही त्या घरची रीत. आणि नेमका त्याच दिवशी गजाननच्या मळ्यात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याचं भरीत असा बेत! मी दोन दिवस आधीच रिठदला घरी कंबर धरून खाटेवर आडवा झालो.

गजाननशी खलबतं चालायची मोबाईलच्या चॅटिंग ॲपवर. तेच ॲप मी घरच्या कॉम्प्युटरलाही जोडलं होतं (मोठ्या पडद्यावर खोटं टाइप करायला सोपं जातं!). बायकोने, सुनंदाने, एकदा विचारलंही, "यातलं कोणी वाचत नाही काय जी?"

मी छाती फुगवली. "हे निरोप कुलूपबंद असतात! किल्ली कॉम्प्युटर आपल्या तिजोरीत ठेवते. तुझ्यासारखं नाही, घराले कुलूप लावलं अन् किल्ली चौकटीवर!"

ती नुसती हसली. (तिचं असं हसणं मला नेहमी महागात पडतं.)

हळदीच्या आदल्या दिवशी सासरे स्वतःच दारात. हातात तेलाची बाटली! "जावईबापू, पालथे व्हा. म्या चोळून देतो."

मी पालथा झालो. त्यांनी असं रगडलं की मी पहिल्यांदाच खराखुरा कण्हलो!

"बाबा, आलेच आहा तर तुमचा सातबारा काढून देऊ काय?" म्हणत सुनंदाने कॉम्प्युटर लावला. ॲप आपोआप उघडलं. गजाननचा ताजा निरोप तिने खणखणीत आवाजात वाचला, "काय लेका, फसला काय सासरा? उद्या भरताचे वांगे घेऊन ये!"

पाठीवरचे हात थांबले.

"तुमची ते तिजोरी कायनं उघडते जी?" सुनंदाचा आवाज गुळासारखा.

"कॉम्प्युटरच्या पासवर्डनं," मी उशीत तोंड खुपसून म्हणालो.

"अन् तो कोणता?"

"तो... म्या काढून टाकला. दरखेपी टाकाचा कंटाळा येते."

"म्हंजे किल्ली चौकटीवरच!"

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे बाटलीला बूच लावलं. "उद्या पहाटे गाडी पाठवतो. वांगे संगंच आणा. मजुराइले भरीत होईन."

दिवसभर वाफेत हळद उपसली. संध्याकाळी घरी आलो तो काटकोनात! खाटेवरून विव्हळलो, "सुनंदा, खरंच दुखून राह्यली व! तेलाची बाटली दे."

ती कॉम्प्युटरपासून उठलीसुद्धा नाही.

"चौकटीवर ठेवली हाय. हात उंच करा अन् घ्या!"