अर्धी दाढी

भडगावात मी ज्यांच्याकडे दाढी करतो, ते न्हावीभाऊ वस्तरा चालवताना बोलत नाहीत. गिरणाकाठी दहाव्याच्या मुंडणालाही त्यांनाच बोलावतात. "आता मिसरूड न फुटलेली पोरं बापाच्या दहाव्याला बसतात," एवढंच ते एकदा म्हणाले होते.

त्या सकाळी खुर्चीत माझा धाकटा भाऊ होता. अर्धी दाढी झाली आणि त्यांचा हात थांबला. पंखा चालू असूनही त्याची मान घामाने भिजली होती.

"पित्त झालंय," तो म्हणाला.

"हाई पित्त नही शे. ऊठ, दवाखानामा चाल."

गालावरचा साबणाचा फेसही न पुसता त्यांनी त्याला स्कूटरवर बसवलं. हार्ट अटॅक होता, थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

माझा भाऊ वाचला. परवा मी न्हावीभाऊंना विचारलं, "तुम्ही कधी तपासून घेतलंत का?"

त्यांनी कोरडाच वस्तरा पुसला.

"नही. मना बाप, मोठा भाऊ, दोन्ही पंचेचाळीसना आतच गयात. माले भ्याव लागस."

"उद्या मी येतो तुमच्यासोबत."

ते वळले. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं.